व्यसनमुक्तीचा खर्च कोणी करायचा?

समाजवादी चळवळीला दारूचा प्रश्न नवा नाही. गुत्त्यांवरचे मोर्चे, दारूबंदीचे ठराव, स्त्रियांचे लढे हा तिचा वारसाच आहे. परंतु दारू विकणाऱ्याविरुद्ध जितकी शक्ती खर्च झाली, तितकी दारू सुटत नसलेल्या माणसासाठी झाली नाही. तो दुबळ्या मनाचा, बेजबाबदार, घराचा वैरी ठरला. त्याला मानसिक आजारही असेल, तर तो चळवळीच्या नजरेतूनच निसटला.

वास्तविक हे दोन आजार अनेकदा हातात हात घालून येतात. झोप लागावी, मनातली भीती जावी म्हणून माणूस पिऊ लागतो. काही काळाने तीच दारू झोप उडवते आणि भीती वाढवते. यांपैकी एकाच आजारावर उपचार झाले, तर दुसरा त्याला पुन्हा खाली ओढतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. अशा माणसाला शपथ घालून घरात कोंडणे हा उपचार नव्हे. त्यात धोका आहे.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या घातक सेवनामुळे वा अवलंबित्वामुळे मदतीची गरज होती. पण दारूच्या अधीन झालेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाची मदत मिळाली होती. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेता आले ते १८० जणांमागे एकाला. उरलेल्यांचा भार त्यांच्या बायकांनी, आयांनी आणि शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलांनी उचलला. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

अंदाजपत्रकात दिसते ते उत्पन्न. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची जादा आवक अपेक्षित धरली. दारू पिणारा मजूर असा तिजोरीचा विश्वासू करदाता आहे. तो आजारी पडला की मात्र त्याची गाठ धर्मादायाशी पडते.

बरे होणे शक्य आहे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. औषधोपचार, समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग आणि घरी गेल्यावरचा पाठपुरावा ही तेथील कामाची अंगे. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच तेथे नव्या रुग्णांना हात दिला. असा माणूस मध्येच पुन्हा प्याला, तर मधुमेह्याची साखर वाढल्यावर करतात तेच करावे लागते : उपचार पुन्हा नेटाने सुरू करायचे. पण एका संस्थेच्या पुण्याईवर सारे राज्य विसंबून राहू शकत नाही.

कायदा येथे कार्यकर्त्यांच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूच्या व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आणि शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला. जिल्ह्यात किमान शासकीय सेवा नसेल, तर तेथील अन्य केंद्रात घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनावर टाकला. हा हक्क किती तालुक्यांत कोणी मागितला?

आजाऱ्याला काम आणि मजुरी यांची शाश्वती नसेल, तर नुसत्या खाटा वाढवून भागणार नाही. महिनाभर दाखल झालेल्या हमालाची चूल कोणी पेटवायची? परतल्यावर मुकादमाने त्याला उभे केले नाही, तर त्याने कोठे जायचे? यावर आक्षेप येईल की, दारुड्याला पैसे द्यायचे, तर न पिणाऱ्या मजुराने काय पाप केले? क्षयरुग्णाला पोषणासाठी केंद्र सरकार २०१८ पासून दरमहा पैसे देत आले आहे. अर्धवट सुटलेला उपचार समाजालाच महाग पडतो, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. तो येथेही लागू पडतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मद्यशुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने उपचारांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसन व मानसिक आजार यांवर एकत्र उपचार व्हावेत, औषधे अखंड मिळावीत. असंघटित कामगाराला उपचारकाळात निर्वाहभत्ता मिळावा. कामगार संघटनांनी मालकांशी करार करताना उपचारांसाठी रजा आणि कामावर परत घेण्याची हमी ही कलमे घालून घ्यावीत.

यातले शेवटचे काम सरकारची वाट न पाहता होण्यासारखे आहे. व्यसनामुळे बडतर्फीची नोटीस मिळालेला कामगार संघटनेच्या कचेरीत येतो, तेव्हा त्याला उपदेश ऐकवून परत पाठवले जाते की त्याचे प्रकरण लढवले जाते, यावर चळवळीची या प्रश्नातली खरी भूमिका ठरेल.