बाळंतपण मोफत, तरी ग्रामीण रुग्णालयातून 'रेफर' का करतात?

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये उपचार मोफत झाले. बाळंतपण तर २०११ पासूनच, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे, सिझेरियनसकट मोफत आहे. तरीही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचलेल्या बाईच्या नातेवाइकांना रात्री अनेकदा सांगितलं जातं, "जिल्ह्याला न्या."

हे रुग्णालय उभारलं गेलं तेच खरं तर ही वेळ येऊ नये म्हणून. सरकारी भाषेत ते सामुदायिक आरोग्य केंद्र. ३० खाटा, आणि सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात ८० हजार लोकांमागे एक, असा निकष. प्राथमिक आरोग्य केंद्राला जे झेपत नाही, ते इथे व्हायला हवं.

अडतं कुठे? सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूल देणारा लागतो, बाळाकडे बघणारं कुणी लागतं आणि हाताशी रक्त लागतं. यातलं एक जरी नसलं, तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. ऑपरेशन थिएटर सुसज्ज असतं, पण भूलतज्ज्ञ नसतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबला नाही तर काही तासांत जीव जाऊ शकतो आणि त्यातलेच तास प्रवासात जातात. १०८ ची गाडी फुकट मिळते, पण तिने अंतर कमी होत नाही.

केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार, देशाच्या ग्रामीण भागातल्या अशा केंद्रांत गरजेपेक्षा सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. कारण म्हणून डॉक्टरांना गावात राहायचं नसतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. समजा पद भरलं, तरी एका विषयाला एकच डॉक्टर. तो रोज रात्री कसा जागणार? रजेवर गेला की त्याचा विभागच बंद. एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं खास प्रशिक्षण देण्याची योजना आहे, पण असा डॉक्टरही एकटाच असेल तर अडचण तीच.

म्हणून तज्ज्ञ सगळीकडे एकेक विखुरण्यापेक्षा मोजक्या रुग्णालयांत दोन-दोन, तीन-तीन ठेवावेत, हा उपाय सुचवला जातो. रस्ते चांगले आणि गावं जवळ असलेल्या तालुक्यांत तो चालेल. भामरागडहून मात्र गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरहून लांब आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाटच बंद होते.