सालईचे देणे

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या उतारांवर, जेथे माती थोडी आणि खडक फार, अशा जागी सालईचे झाड वाढते. उन्हाळ्यात ते निष्पर्ण होते. त्याच्या सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. लाकूड सागासारखे टिकाऊ नसते. अशा झाडाचा उपयोग तो काय, असे पाहणाऱ्यास वाटावे. परंतु त्याच्या सालीला चीर दिली की सुवासिक चीक पाझरू लागतो आणि वाळून त्याचा सोनेरी डिंक होतो. हा डिंक धूप म्हणून जाळतात. त्यातून टर्पेंटाइनसारखे तेल निघते व उरलेली राळ व्हार्निशाच्या कामी येते. आयुर्वेदात हा वृक्ष ‘शल्लकी’ या नावाने प्रसिद्ध असून सांधेदुखीवर त्याचा डिंक देतात. सूज कमी करणारी बॉस्वेलिक आम्ले त्यात असतात, असे रसायनशास्त्रज्ञांना आढळून आले आहे.

कोणी म्हणेल, ‘औषधे आता कारखान्यात तयार होतात, मग झाडांची एवढी चिंता कशाला?’ हे म्हणणे बरोबर नाही. १८२८ साली विलो वृक्षाच्या सालीतून सॅलिसिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच वाटेने पुढे जाऊन १८९७ साली शुद्ध ॲस्पिरिन तयार झाले. कारखान्याला पहिला धडा दिला तो झाडानेच! बॉस्वेलिक आम्लांसाठी तर आजही सालईच्या डिंकाकडेच जावे लागते.

तेव्हा डिंक घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्नच नव्हे. तो कसा घ्यावा, हा खरा प्रश्न आहे. चिरा उथळ व मोजक्या असाव्यात आणि झाडाला मधूनमधून विसावा मिळावा. लोभाने खोल घाव घातले, तर झाड क्षीण होते. पूर्व आफ्रिकेत सालईचेच एक भावंड लोबान देते. तेथे फार चिरलेल्या झाडांना बी कमी धरते आणि त्यातले थोडेच रुजते, असे दिसून आले आहे. शहाणा मनुष्य व्याजावर निर्वाह करतो, मुद्दलाला हात लावीत नाही. वनाच्या बाबतीतही हाच न्याय आहे.

परंतु हा न्याय पाळावयाचा कोणी? डिंक, चारोळी, मोहाची फुले वेचून सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबे संसाराला हातभार लावतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे. मात्र नुसत्या हक्काने चूल पेटत नाही. ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे, त्याला ‘चीर उथळ घे’ असा उपदेश करणे सोपे. त्याच्या डिंकाला रास्त भाव देणे मात्र अगत्याचे आहे. योग्य मोल मिळाले, तर झाड राखणे त्याला परवडेल.

औषधाच्या लहानशा डबीत झाडाचा चीक असतो, तसेच कोणाचे तरी कष्टही असतात. या दोघांचे देणे जो समाज फेडतो, त्यालाच वनाची संपत्ती चिरकाल लाभते.