पाल, डेरा आणि सफारीचा तंबू

आफ्रिकेतील सफारीवरचे मराठी लेख अलीकडे आमच्या वाचनात वरचेवर येतात. त्यांत सिंह असतात, नदी ओलांडणारे कळप असतात आणि खासगी तंबूनिवासाचे साग्रसंगीत वर्णन तर हमखास असते. लाकडी चौथऱ्यावर कॅनव्हासचा प्रशस्त तंबू, आत पलंग, मागे न्हाणीघर, सांगितल्या वेळी गरम पाणी आणि रात्रीच्या जेवणानंतर तंबूपर्यंत सोबत करणारा मसाई पहारेकरी. पहारेकऱ्याची उंची आणि त्याचे लाल वस्त्र यांपलीकडे त्याच्याविषयी लेखात काही येत नाही. आमचा आक्षेप आहे तो याला.

मराठीत तंबूला अनेक शब्द आहेत आणि त्यांत सामाजिक पायऱ्या आहेत. भटक्यांचे पाल, शिपायाची राहुटी, सरदाराचा डेरा. शामियाना म्हटला की आम्हां महाड-पोलादपूरकरांना आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाला, प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली उभा राहिलेला शामियानाच आठवतो. गावाबाहेर मुक्काम करणाऱ्यांचे जिणे कसे असते, हे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली मराठी वाचकांपुढे ठेवले. सफारीचा तंबू दिसतो पालासारखा. त्याचे कूळ मात्र डेऱ्याचे आहे. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘सफर’प्रमाणेच अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ नुसता प्रवास. गोऱ्या शिकाऱ्यांनी त्याला आजचा अर्थ दिला. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा त्यांचे सामान वाहायला शेकडो हमाल होते. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. डेरा आणि सेवेकरी राहिले.

या तंबूबाहेर जो निर्मनुष्य निसर्ग दिसतो, तो सर्वस्वी निसर्गाने घडवलेला नाही. सेरेंगेटीतून मसाईंना १९५९ साली उठवून गोरोंगोरोकडे पाठवण्यात आले. २०२२ साली शेजारच्या लोलिओंडोत कुरणे राखीव करण्यावरून मसाई आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. केनियातील मसाई मारा अभयारण्याभोवतीची रीत थोडी निराळी आहे. तेथे अनेक तंबूनिवास मसाई कुटुंबांच्याच जमिनीवर आहेत. कुटुंबांना भाडे मिळते आणि त्या बदल्यात गुरे चारण्यावर बंधने येतात. हा व्यवहार विस्थापनापेक्षा निश्चितच बरा. पर्यटकाच्या पैशावाचून तेथले सिंह टिकणे कठीण, हेही आम्हांला मान्य आहे. परंतु भाडे किती, ते कोणी ठरवले आणि दुष्काळात गुरे कोठे जातात, हे प्रश्न आमच्या प्रवासलेखकाला पडू नयेत, याचे आश्चर्य वाटते.

याचे कारण बहुधा असे, की ते आम्हांला घरच्या अरण्यातही पडत नाहीत. ताडोबाचे नाव ज्या तारूवरून पडले, तो गोंडांच्या परंपरेत वाघाशी झुंजून मेलेला गावप्रमुख. त्याचे ठाणे तलावाकाठी आहे. त्याच अरण्यातून जामणी, नवेगाव अशी गावे बाहेर हलवली गेली आणि मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांशी खासगी निवास उभे राहिले. पर्यटक वाघ किती दिसले ते मोजतो. गावे किती हलली, हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

सह्याद्रीत आता तंबूंची हौस आली आहे. पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा लागतात. उद्या त्या कांगोरीच्या नाहीतर चंद्रगडाच्या पायथ्याशीही लागतील. त्यांना आमचा सरसकट विरोध नाही. मात्र याच डोंगरांत, महाड तालुक्यातील तळीये येथे, २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि वाचलेल्यांना पुढे बराच काळ कंटेनरच्या घरांत काढावा लागला. तात्पुरता निवारा ही एकाची चैन असते आणि दुसऱ्याची लाचारी, हे या भागात तरी विसरता येणार नाही.

पोलादपूर-महाडवरून वाहणारी सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. तेथून जवळच वेळास गावात कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. पाहुण्याला ताटात काय वाढायचे, हे घरची बाई ठरवते. यजमान कोण, हा प्रश्नच तेथे उरत नाही. आमच्या डोंगरांत तंबू येणार असतील, तर जमीन विकून त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून उभे राहण्याची पाळी वाडीतल्या माणसावर येऊ नये. सातबारा त्याच्याच नावावर राहावा. आणि जे आफ्रिकेला जातील, त्यांनी अवश्य जावे, अवश्य लिहावे. फक्त सिंहांच्या गणतीबरोबर त्या पहारेकऱ्याचे नाव, गाव आणि त्याच्या गुरांची खबरही आम्हांला द्यावी.