वतने गेली म्हणता? मग ही आमदारकी कोणाची?

वाचकहो, सरकारी दप्तर सांगते की वतने गेली. शाहू छत्रपतींनी १९१८ साली करवीर इलाख्यात कुळकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. १९५० साली मुंबई सरकारने परगणा व कुळकर्णी वतने रद्द केली. ज्या महारवतनासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ सालीच कायदे कौन्सिलात बिल आणले होते, ते जोखड १९५८ च्या कायद्याने उतरले, आणि १९६२ साली मुलकी पाटीलकीचाही निकाल लागला. या दिवसासाठी आमच्या वाडवडिलांनी शिव्या खाल्ल्या, बहिष्कार सोसले. आता अमक्याच्या पोटी जन्मला म्हणून कोणी गावाचा धनी होणार नाही, लायक असेल तो पुढे येईल, असे आम्ही भोळेपणाने धरून चाललो.

पण जरा नगर जिल्ह्यात या. (सरकारने २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर केले. आम्हांस आनंदच आहे. चौंडीची ती धनगराची लेक आमचीच.) या जिल्ह्यातून विधानसभेवर बारा आमदार जातात. त्या बारा जागांचे सातबारे काढून कोणी वाचले आहेत काय? आम्ही शिर्डीचा उतारा काढतो. कब्जेदार, राधाकृष्ण विखे पाटील. १९९५ साली काँग्रेसतर्फे निवडून आले. पहिला फेरफार: शिवसेनेत प्रवेश, युतीच्या राजवटीत मंत्रिपद, १९९९ ची निवडणूक धनुष्यबाणावर. दुसरा फेरफार: २००४ साली पुन्हा हाताचा पंजा, पुढे काँग्रेसच्या राजवटीत परिवहन, कृषी ही खाती. २०१४ साली काँग्रेसचे राज्य गेले तेव्हा हेच गृहस्थ विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. तिसरा फेरफार पाहण्याजोगा आहे. मार्च २०१९ मध्ये चिरंजीव डॉ. सुजय भाजपात गेले आणि खासदार झाले. जूनमध्ये वडील त्याच पक्षाच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण मंत्री! साडेचार वर्षे ज्या सरकारला सभागृहात जाब विचारण्याचे काम पत्करले, त्याच सरकारच्या बाकावर जाऊन बसले. फिर्यादीच्या वकिलाने खटला चालू असता आरोपीचे वकीलपत्र घ्यावे, तर आमच्या गावचे लोक त्याला काय म्हणतील, ते येथे छापता येणार नाही.

इतके फेरफार झाले, पण कब्जेदाराचे नाव बदलले नाही. १९९५ पासून सात सार्वत्रिक निवडणुका झाल्या, सातही त्यांनीच जिंकल्या. पक्ष हा अंगरखा झाला. हवा पाहून बदलावा, अंग तेच. आणि गंमत पाहा, २०२२ साली त्यांस खाते मिळाले ते महसुलाचे. ज्या खात्याच्या दप्तरात वतने रद्द झाल्याचे कागद बांधून ठेवले आहेत, तेच खाते!

हा रिवाज घरचाच आहे. वडील बाळासाहेब १९७१ साली कोपरगावातून काँग्रेसचे खासदार झाले. १९९१ साली काँग्रेसच्याच उमेदवाराविरुद्ध अपक्ष लढले, १९९८ साली शिवसेनेतर्फे लोकसभेत गेले, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात बसले, आणि २००४ साली पुन्हा काँग्रेसचे खासदार झाले.

त्यांच्याही मागे आजोबा. विठ्ठलरावांचे नाव घेताना आम्ही पागोटे काढतो. १८७५ साली सुप्याला सावकाराची खतपत्रे जळाली आणि ती आग पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आली, हे ज्या मुलखाने पाहिले त्या मुलखाला माहीत आहे की कर्ज म्हणजे काय. फारशी शाळा न पाहिलेल्या लोणीच्या या शेतकऱ्याने गावोगाव फिरून कुणब्यांकडून भाग गोळा केले आणि प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ चा तो पहिला गळीत हंगाम. सावकाराच्या ओसरीवर उकिडवा बसणारा कुणबी त्या दिवशी मालक झाला. आणि या कारखान्याचा पहिला अध्यक्ष कोण? विठ्ठलराव स्वतः नव्हेत, त्यांचे चिरंजीवही नव्हेत. प्रोफेसर धनंजयराव गाडगीळ! जातीने ब्राह्मण, पेशाने अर्थशास्त्री, सोयरा ना धायरा. आम्ही भटशाहीचे वैरी म्हणवतो, पण हे उदाहरण छातीठोकपणे सांगतो, कारण तेथे माणूस पाहिला तो त्याच्या कामावरून. तो नियम त्याच गावात पुढे किती टिकला, हे लोणीकरांनीच आपल्या मनाशी मोजावे.

आता कोणी म्हणेल, त्यांनी कामे केली आहेत, लोक मते देतात, तुमच्या पोटात का दुखते? कामे केली नाहीत असे आम्ही कोठे म्हटले? शाळा आहेत, कॉलेजे आहेत, मोठा दवाखाना आहे. पण उसाचा धंदा ज्याने केला त्याला आमचे म्हणणे लगेच कळेल. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. त्याची नोंद कारखान्यात. तोड कधी यायची, ते कारखान्याच्या कार्यक्रमावर. तोड लांबली, तुरा फुटला, की वजन घटते आणि वर्षाची मेहनत पाचटात जाते. आता ज्या घराच्या शब्दावर कारखाना चालतो, त्याच घराचा माणूस मत मागायला दारी आला, तर शेतकरी त्याच्याशी मोकळेपणाने भांडेल काय? अमक्याची तोड अमक्या दिवशी कोणी अडवली, असा आरोप आम्ही कोणावरच करीत नाही. भीतीला अडवणुकीची गरज पडत नाही. पूर्वीही गावात पाटील रोज कोणाला मारीत नसे. चावडीवरून जाताना लोक आपणहून पायताण हातात घेत, तेवढे पुरे होते.

आम्हांस सर्वांत चीड येते ती दुसऱ्याच एका बोलण्याची. “भटांचे राज्य गेले, आपली माणसे आली, मग आता तक्रार कसली?” अरे बाबांनो, जोतिरावांचे भांडण आडनावांशी होते काय? जन्माने मिळणाऱ्या अधिकाराशी ते भांडण होते. कुळकर्ण्याच्या मुलाला दप्तर आपोआप मिळते म्हणून आपण बोंब मारली, आणि आता आमदाराच्या मुलाला तिकीट आपोआप मिळते तेव्हा हलगी वाजवतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे! पाथर्डीचा ऊसतोड्या दिवाळीनंतर बायकापोरे घेऊन कारखान्याच्या फडावर जातो. तोही बहुजनच. त्याच्या मुलाची वारसनोंद कोठे आहे?

आणि हे एका लोणीचे दुखणे नाही, म्हणून विखे यांचे विरोधकहो, टाळ्या वाजवू नका. कोपरगावात २००४ पासूनचा प्रत्येक आमदार काळे किंवा कोल्हे या दोन घरांतला. कारखानाही दोन्ही घरांजवळ. श्रीगोंद्यात बबनराव पाचपुते १९८० साली पहिल्यांदा आमदार झाले, पुढे पक्षामागून पक्ष बदलले, आणि २०२४ साली चिरंजीव विक्रम निवडून आले. त्याच वर्षी राहुरीतून सासरे शिवाजीराव कर्डिले आणि नगर शहरातून जावई संग्राम जगताप एकाच सभागृहात पोहोचले. बारांत बाई एकच, शेवगावच्या मोनिकाताई राजळे, त्यांचेही पती आणि सासरे पूर्वीचे आमदार. अहिल्याबाईंच्या नावाचा जिल्हा, आणि बाईला दार उघडते तेही सासरच्या किल्लीने.

संगमनेरचे बाळासाहेब थोरात १९८५ साली अपक्ष निवडून आले आणि पुढे काँग्रेस सोडून कोठे गेले नाहीत. एवढे पुण्य त्यांच्या पदरी आम्ही टाकतो. पण वडील आमदार, स्वतः आठ वेळा आमदार, मेव्हणे विधान परिषदेवर. आणि २०२३ साली पदवीधर मतदारसंघात पक्षाने उमेदवारी दिली मेव्हण्यांस, तर त्यांनी अर्जच भरला नाही आणि अपक्ष म्हणून उभा राहिला भाचा! तोच आमदार झाला. २०२४ साली संगमनेरकरांनी थोरातांस घरी बसवले. हांग्याचे नीलेश लंके यांचे तर आम्हीही कौतुक केले होते. शिक्षकाचा मुलगा, पाठीशी कारखाना ना बँक, जून २०२४ मध्ये त्याने डॉ. सुजय विखे यांचा पराभव केला. पण खासदार होऊन सहा महिने झाले नाहीत तोच पारनेरच्या रिकाम्या आमदारकीला उमेदवार कोण? सौभाग्यवती! पारनेरकरांनी काशिनाथ दाते यांस निवडून दिले.

म्हणजे मतदारास कळत नाही असे नाही. अकोल्याच्या आदिवासींनी ते २०१९ सालीच दाखवले. मधुकरराव पिचड १९८० पासून सलग आमदार, मग २०१४ ला मुलगा. २०१९ साली पिता-पुत्र भाजपात गेले. विखे गेले तोच रस्ता, तेच वर्ष, तोच झेंडा. शिर्डीने फेरफार मंजूर केला, अकोल्याने डॉ. किरण लहामटे यांस पन्नास हजारांहून अधिक मतांनी निवडून देऊन तो फेटाळला. फरक कशात? अकोल्याच्या डोंगरात माणसाचे पोट कारखान्याच्या नोंदवहीत अडकलेले नाही, असे आमचे मत आहे. कोणास पटो वा न पटो.

आता पाण्याचे बोलू. इंग्रजांनी भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे केले. जेथे त्याचे पाट गेले तेथे ऊस आला, जेथे ऊस आला तेथे कारखाना आला, आणि कारखान्यातून आमदार निपजला. वरची कोरडी गावे तशीच राहिली. त्यांच्यासाठी त्याच प्रवरेवर निळवंडे धरणाची कल्पना १९७० सालची. डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्रेपन्न वर्षे! सरकारचेच पत्रक सांगते की खर्च सुमारे ५,१७७ कोटी, कालवा ८५ किलोमीटर, लाभ ७ तालुक्यांतील १८२ गावांस. या त्रेपन्न वर्षांत अकोल्याचे पिचड मंत्री होते, संगमनेरचे थोरात मंत्री होते, राहात्याचे विखे मंत्री होते. काँग्रेस झाली, सेना झाली, भाजप झाला. घराण्याच्या हाती सत्ता पिढ्यान्‌पिढ्या राहिली म्हणजे कामे सलग होतात, असे जे आम्हांस सांगतात, त्यांनी तळेगाव-निमोणच्या माळावर उभे राहून ते सांगावे. एक पिढी टँकरच्या रांगेत म्हातारी झाली. लोकार्पणाच्या दिवशी मात्र श्रेयाचे फलक इतके की कालवा त्यांच्याआड झाकला जावा.

डिसेंबर २०२४ मध्ये राधाकृष्णरावांच्या हाती जलसंपदा खात्यातील गोदावरी व कृष्णा खोऱ्याची किल्ली आली. आता दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला जागा उरली नाही. तेव्हा १८२ गावांतल्या आमच्या भाऊबंदांस एवढेच सांगणे आहे. पुढच्या ग्रामसभेत हाराचा ठराव आला तर जरा थांबा. आपल्या गावच्या शेवटच्या चारीला पाणी कोणत्या तारखेस पोहोचणार, हे लेखी मागा, आणि उत्तर आले की त्याची एक नक्कल चावडीच्या भिंतीवर चिकटवा.