पोथी घरी, नोंद विद्यापीठात

कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला मांजरसुंब्याहून कपिलधारकडे वळलं, की दिंड्यांच्या मागोमाग त्यांच्याच चालीनं जावं लागतं. लातूर-नांदेडकडून कित्येक दिवस चालत आलेली माणसं, गळ्यात इष्टलिंग, खांद्याला पिशवी. यातल्या काही पिशव्यांत ‘परमरहस्य’ असतं. मन्मथस्वामींचा हा ओवीबद्ध ग्रंथ मराठी लिंगायतांच्या घरोघरी पारायणाला लागतो. बहुतेकांकडे छापील प्रत असते. मी हातानं लिहिलेली शोधत होतो. ऐन यात्रेत असलं काही शोधणं वेडेपणाचंच, पण जुने कागद हाच या सदराचा प्रांत असल्यानं तो खपून जातो.

दर्शनबारीपासून बाजूला, झाडाखाली बसलेल्या एका आजींकडे ती निघाली. तांबड्या कापडाचं बासन, वर-खाली लाकडी फळ्या, मधे सुटी पानं आणि वेखंडाचा वास. वर्षातून एकदा इथल्या मन्मथमाउलींच्या समाधीला टेकवायची आणि परत घरी न्यायची, असा त्यांचा नेम. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ही नीट राहील, देता का, असं मी विचारलं.

“न्हाई बाप्पा. अशीच आणखी एक होती. अभ्यासाला म्हणून एकानं नेली. नेली ती नेलीच.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. कपिलधार ज्या बीड जिल्ह्यात आहे, त्याला तर हा अनुभव फार जुना आहे. वि. का. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्याही आधीची आहे, असं त्यांचं मत. तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली, तिच्या भाषेचं व्याकरण लिहिलं. पुढे १९६०च्या शासकीय आवृत्तीला त्यांच्याच संहितेचा आधार घेतला गेला. मूळ पोथी मात्र नाहीशी झाली. राजवाड्यांनी वाचलं ते बरोबर होतं का, हे पडताळायचं तर त्यांच्या छापील पानांवरच भरवसा ठेवायचा. ती बीडमध्येच राहिली असती तर वाळवीनं खाल्ली असती, असं कुणी म्हणेल. खाल्लीही असती. पण मग निदान दोष वाळवीचा असता.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातला हस्तलिखित विभाग म्हटलं, की डोळ्यांपुढे कुलूपबंद खोली, लोखंडी कपाटं आणि वातानुकूलन येतं. तेही लागतंच. पानं मऊ कुंचल्यानं झाडावी लागतात. काजळाच्या शाईला ओलं फडकं चालत नाही, अक्षर उतरतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणारा तर पोथीचा शत्रूच, कारण काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डिंक अक्षरावर राहतो. पण माझ्या मते या विभागाचा जीव कपाटापेक्षा नोंदवहीत असतो. पोथी कुठल्या गावातून, कुणाच्या घरातून, कुणाच्या हातून आली, हे ज्या वहीत नाही तिथली पोथी अनाथ.

आजींच्या पोथीचं शेवटचं पान मी वाचून दाखवलं. लेखनिकांची तिथं एक जुनी तक्रार असते: लिहिता लिहिता पाठ मोडली, मान मोडली, आता हिला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. इथंही तिचाच एक मोडकातोडका अवतार होता. त्याखाली शके पुसट, पण गावाचं नाव स्पष्ट. ते ऐकून आजी एकदम म्हणाल्या, “आरं, हे तर माज्या सासूचं म्हायेर!” तोवर घरातले सगळे समजत होते, की पोथी सासऱ्यांच्या घराण्याची. ती सासूबरोबर आली होती. हे एक वाक्य कुठल्याही छायाचित्रात उतरलं नसतं. मालकिणीशेजारी बसून नोंद केली तरच ते मिळतं.

कागदाची किंमत आपल्याला कधी कळते, तेही पाहा. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीवरून नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं मराठवाड्यातले निजामकाळातले दस्त बाहेर निघाले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, तहसीलच्या खोल्यांत कधी नव्हे ती वर्दळ दिसली. सगळे एकच शब्द शोधत होते: कुणबी. ज्यांच्या मुलाचा दाखला त्यावर अडला, त्यांना मी दोष देत नाही. पण त्याच रुमालांत विहिरी आहेत, दुष्काळ आहेत, वहिवाटीची भांडणं आहेत. ते शब्द वाचायला पगारी माणूस कोण नेमणार?

बीड जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो, ते विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालं. छत्रपती संभाजीनगरातल्या त्याच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा संग्रह आहे. १९९४ साली नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, त्यामुळे समाधी एका विद्यापीठाच्या हद्दीत आणि निम्मे यात्रेकरू दुसऱ्याच्या, अशी गंमत आहे. केंद्रानं २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ जाहीर करून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचं उद्दिष्ट ठेवलं. कोटीचा आकडा गाठायचा म्हटलं, की सासूच्या माहेरापर्यंत कोण थांबणार, ही माझी धास्ती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनं, जिच्या कपाटांत अर्ध्या जगातून नेलेल्या पोथ्या आहेत, २००४ पासून ‘एंडेंजर्ड अर्काइव्ह्ज’ योजनेत नियमच केला: मूळ कागद त्याच्या देशात राहील, फक्त प्रतिमा घ्यायच्या. आपल्याला तर देशाऐवजी घर म्हणायचं आहे, एवढंच.

म्हणून माझं मागणं लहान आहे. पुढच्या कार्तिकीला दोन्ही विद्यापीठांनी मिळून कपिलधारला एक मेज टाकावं. एक कॅमेरा, एक जाड वही, जुनं अक्षर आणि मोडी लागणारा एक माणूस, आणि नवं तांबडं कापड. पोथी उघडा, टिपा, मालकाला विचारून लिहा, नव्या कापडात बांधून त्याच्याच हाती द्या. ‘पोथ्या दान करा’ असा फलक तेवढा लावू नका.

आजींना हा बेत सांगितला. त्यांनी बासनाची गाठ दोनदा ओढून पाहिली आणि विचारलं, “फोटो काडल्यावर आमाला एक देतेत का, का त्यो बी अभ्यासाला नेतेत?”