‘वेंडाम’ म्हणजे ‘नको’

चेन्नईत बदली झालेल्या मराठी माणसाचं पहिलं तमिळ वाक्य ठरलेलं असतं: "तमिळ तेरियादु." म्हणजे तमिळ येत नाही. बरेच जण ओएमआरवरच्या आयटी पार्कात दोन-तीन वर्षं काढून परततात, तेव्हाही वाक्य तेच! पुण्यात कुणी "मराठी नहीं आती" म्हटलं की आपलं डोकं कसं फिरतं, ते सांगायला नको. मग तोच न्याय तिकडे आपल्यालाही लागू व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शिकायचं कुठून? बहुतेक जण नामांपासून सुरू करतात. तण्णी म्हणजे पाणी, सादम म्हणजे भात. त्यावर हॉटेलात भागतं, गप्पा होत नाहीत. म्हणून सुरुवात क्रियापदापासून करा. तमिळ क्रियापदाच्या शेपटीतच कर्ता बसलेला असतो. 'वा' म्हणजे ये, आदराने 'वांगा' (वांगी नव्हेत!). मग वरेन (येतो), वंदेन (आलो), वरुवेन (येईन). शेवटी 'एन' आला की कर्ता 'मी'. आणि 'मी येतो', 'मी येते' दोन्हींना वरेनच. आहे की नाही मराठीपेक्षा सोपं? 'पो' म्हणजे जा, त्याचंही तसंच: पोरेन, पोनेन, पोवेन.

भूतकाळ मात्र पाठच करावा लागतो. 'सोल्लु' (सांग) चं 'सोन्नेन' का होतं, असले प्रश्न विचारू नयेत. अगदीच अडलं तर इंग्रजी शब्दाला 'पण्णु' (कर) जोडा: फोन पण्णु, वेट पण्णुंगा. तिथले लोकही सर्रास हेच बोलतात. आणि हो, पुस्तकात 'वरुगिरेन' छापलेलं असतं, रस्त्यावर 'वरेन' ऐकू येतं. आधी रस्त्यावरचं शिका.

खरी गंमत पुढे आहे. आपलं 'नको' हिंदीत एका शब्दात सांगून दाखवा बरं! तमिळमध्ये त्याला सरळ 'वेंडाम' आहे. 'मला हवं' म्हणजे 'एनक्कु वेणुम', रचनासुद्धा तीच. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक तमिळलाही कळतो. आणि निघताना म्हणायचं 'पोयिट्टु वरेन', म्हणजे चक्क 'जाऊन येतो'! नुसतं 'जातो' आपल्या आजीला चालत नाही, तसं तिथल्या पाट्टीलाही चालत नाही.

मराठी आर्य कुळातली, तमिळ द्राविड कुळातली, हे शाळेत शिकलो. पण वाक्य जुळवायला बसलं की कळतं, हिंदीवरून तमिळकडे जाण्यापेक्षा मराठीवरून जाणं कितीतरी सोपं आहे. तरी आपण चेन्नईत उतरल्याबरोबर रिक्षावाल्याशी हिंदीत सुरू होतो. का, कुणास ठाऊक.

असो. या वीकेंडला दहा क्रियापदं तिन्ही काळांत पाठ करून बघा. 'तेरियादु' म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. 'कोंजम तेरियुम', थोडं येतं, म्हटलं की ते सुरू होतं.