शाळेचें नाटक पुन्हा उभें राहतांना

मार्च २०२० मध्यें शाळेचे दरवाजे बंद झाले, तेव्हां सभागृहामागील खोलींत नाटकाचा पेटारा होता तसाच राहिला. कोविडच्या सांथीनें शाळेस घराच्या कोपऱ्यांत आणि मोबाईलच्या लहानशा पडद्यावर नेऊन बसविलें. महाराष्ट्रांतील नाट्यगृहें ५ नोव्हेंबर २०२० रोजीं निम्म्या आसनांनिशीं उघडलीं, पुन्हा मिटलीं, आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडलीं. शाळांचे वर्गही त्याच महिन्यापासून भरूं लागले. परंतु आमच्या शाळेचें नाटक मात्र २०२३ च्या जानेवारींतील स्नेहसंमेलनांत, म्हणजे पुरीं तीन वर्षें लोटल्यावर, रंगमंचावर आलें. त्या अनुभवानें जें शिकविलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

पेटारा उघडला तेव्हां अंगरख्यांस कसर लागली होती व मुकुटांचा सोनेरी कागद सुटला होता. हें नुकसान चार दिवसांत भरून निघालें. खरें नुकसान तालमीच्या पहिल्या दिवशीं कळलें. पूर्वीं आम्ही तालमीस नुसते बसत असूं. अर्धें काम मोठ्या वर्गांतील मुलेंच करीत. दहावीचा मुलगा आठवीच्या मुलास सांगे, “प्रेक्षकांकडे पाठ करूं नकोस. शेवटच्या रांगेंतल्या आजीला ऐकूं जाईल असं बोल.” पडदा केव्हां ओढावा, विंगेंत उभें राहून वाक्य कसें पुरवावें, हें कोठें लिहिलेलें नव्हतें, एक वर्ग दुसऱ्याच्या हातीं तें देत असे. २०२३ मधील दहावीचीं मुलें मागील संमेलनाच्या वेळीं सातवींत होतीं, आणि तें नाटक त्यांनीं खालीं सतरंजीवर बसून पाहिलें होतें. ज्यांस सर्व ठाऊक होतें, तीं मुलें आपल्या अखेरच्या नाटकावांचूनच शाळा सोडून गेलीं होतीं. तालमींत आठवीच्या एका मुलीचें वाक्य दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोंचेना. कारण विचारतां तिनें आम्हांसच विचारलें, “सर, माइक चालू आहे ना?”

हा अनुभव केवळ आमच्या काळाचा नव्हे. लंडन शहरीं १५९२ पासून १५९४ पर्यंत प्लेगमुळें नाटकगृहें बहुतेक काळ बंद होतीं. त्या संकटांतून शेक्सपिअर तरला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पेंब्रोकच्या आश्रयाखालील मंडळीस गांवोगांव हिंडूनही खर्च भागेना, आणि १५९३ मध्यें तिला आपले पोषाख गहाण टाकावे लागले, हें क्वचितच सांगितलें जातें. संहिता कागदावर टिकते. मोडते ती मंडळी. आपल्या पूर्वजांनीं नाटक करणाऱ्या समूहास ‘नाटक मंडळी’ म्हटलें, यांत मोठें मर्म आहे. उपासनेस जमणाऱ्या समूहासही आपण मंडळीच म्हणतों.

उलट बाजूचें उदाहरणही आहे. बव्हेरियांतील ओबरआमरगाऊ या खेड्यांत १६३३ च्या प्लेगांत केलेल्या नवसामुळें ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें नाटक १६३४ पासून चालत आलें आहे. तें सामान्यतः दहा वर्षांनीं एकदां होतें. २०२० चे प्रयोग सांथीमुळें टळले, ते २०२२ मध्यें झाले. एवढें अंतर पडूनही ती परंपरा तुटत नाहीं, कारण जमावाच्या प्रवेशांत गांवचीं मुलें थोरांच्या शेजारीं उभीं राहतात व पाहतां पाहतां शिकतात.

कित्येक पालक व कांहीं शिक्षकबंधु म्हणतात, “मुलांचा दोन वर्षें अभ्यास बुडाला, आणि तुम्हांस नाटक सुचतें!” हा आक्षेप खोटा नाहीं. गणिताचा तास मोडून तालीम घ्यावी, असें आम्हीही म्हणत नाहीं. परंतु बुडालें तें केवळ पुस्तकांतील नव्हे. पडद्यावरील वर्गांत मूल आपला आवाज बंद करून तासभर बसूं शकत असे. नाटकांत तसें चालत नाहीं. दुसऱ्याचें वाक्य नीट ऐकल्यावांचून आपलें वाक्य बोलतां येत नाहीं. ऐकणें, थांबणें आणि स्पष्ट बोलणें हाही अभ्यासच आहे.

मात्र दुसराही एक मोह टाळला पाहिजे. नाटक परत आलें, आतां तें थाटानें करूं, या उत्साहांत भाड्याचे पोषाख, बाहेरून आणलेला दिग्दर्शक, आणि आधींच ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांवर ओठ हलविणारीं मुलें, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं दिसतो. त्यानें टाळ्या मिळतील. मंडळी उभी राहणार नाहीं. आमचें मत असें, कीं नाटक लहान असावें, पण पांचवी-सहावीचीं कांहीं मुलें त्यांत असावींच. पडदा, दिवे, रंगभूषा या प्रत्येक कामावर एक मोठें व एक लहान मूल नेमावें. माइकाची सवय लावण्यापूर्वीं गळ्याची ओळख करून द्यावी.

ती आठवीची मुलगी पुढील वर्षीं नववींत गेली. तालमीच्या वेळीं विंगेजवळून जातांना ती सहावीच्या एका मुलास शेवटच्या रांगेंतल्या आजीचीच गोष्ट सांगतांना आम्हांस ऐकूं आली. तुटलेली सांखळी अशी एकेका कडीनें जोडली जाते, व त्यास वेळ लागतो. तो वेळ पालकांनीं व शाळेच्या चालकांनीं मुलांस द्यावा, अशी आमची नम्र विनंति आहे.